अँडरस्टॉर्पच्या दोन गाड्या

पडद्यावर दोन फोटो शेजारी-शेजारी लावले आहेत. बोलायला सुरुवात करण्याआधी ते नीट पाहून घ्या. डावीकडचा १३ जून १९७६ चा, उजवीकडचा १७ जून १९७८ चा. ट्रॅक एकच, स्वीडनच्या दक्षिण भागातलं अँडरस्टॉर्प. लहानसं गाव, दलदलीच्या जमिनीवर बांधलेला चार किलोमीटरचा ट्रॅक, आणि त्याचा लांब सरळ भाग म्हणजे चक्क विमानाची धावपट्टी. फॉर्म्युला वनची स्वीडिश ग्रांप्री इथे १९७३ ते १९७८ अशी फक्त सहा वर्षं झाली.

डावीकडच्या गाडीची चाकं मोजा. पुढे चार, मागे दोन, एकूण सहा. उजवीकडच्या गाडीची चाकं चारच आहेत, पण तिच्या पाठीमागे बघा, भलामोठा गोल पंखा आहे. फॉर्म्युला वनच्या सगळ्या इतिहासात सहा चाकांच्या गाडीने एकच शर्यत जिंकली, ती इथे. पंख्याच्या गाडीनेही एकच जिंकली, तीही इथेच. दोन वर्षांच्या अंतराने, त्याच जून महिन्यात.

मी लहान असताना मामाने मला एक निळी, मुठीत मावणारी गाडी आणून दिली होती. पुढे चार बारकी चाकं. मला वाटलं, कारखान्यात चूक झाली असणार, दुसऱ्या कुठल्या गाडीची चाकं हिला लागली. मामा म्हणाला, ‘अरे, खरीच आहे अशी गाडी.’ मी विश्वास ठेवला नाही. पुढे यंत्र अभियांत्रिकी शिकलो, आता शिकवतो, आणि त्या गाडीचा हिशेब जितक्या वेळा फळ्यावर मांडतो तितक्या वेळा वाटतं, की ती चूक नव्हतीच. असल्या गाड्या लहर म्हणून जन्माला येत नाहीत. कुणीतरी नियमपुस्तक ओळ न् ओळ वाचतो, आपली अडचण समोर ठेवतो आणि हिशेब जिथे नेईल तिथपर्यंत जातो. बाकीचे निम्म्या वाटेवरून परत फिरतात, हा फिरत नाही. म्हणून गाडी विचित्र दिसते. आणि अशा गाड्या हरतात त्या बहुतेक वेळा मूळ कल्पनेमुळे नाही. कुठे टायर कमी पडतो, कुठे बेअरिंग, कुठे चार लोकांची बैठक. आज मला हेच दाखवायचं आहे.

आधी एक साधी गोष्ट. तुमच्याकडे खोडरबर असेल तर बाकावर टेकवून हलकेच सरकवा. सहज सरकतो. आता अंगठ्याने दाबून सरकवा. अडतो, थरथरतो, बाकाला धरून बसतो. शर्यतीच्या गाडीचं सगळं आयुष्य या खोडरबरात आहे. टायर रस्त्यावर जितका दाबला जाईल तितकी पकड जास्त, आणि पकड जास्त म्हणजे वळण जास्त वेगात घेता येतं, ब्रेक उशिरा लावता येतो. पण गाडी जड करून टायर दाबला तर काही हाती लागत नाही, कारण तेच वजन वळणावर गाडीला बाहेर ढकलतं. म्हणजे वजन न वाढवता दाब हवा. नाहीतर मग जास्त रबर रस्त्याला लागायला हवं. पहिला मार्ग पंख्याच्या गाडीने घेतला, दुसरा सहा चाकांच्या.

ब्रिटनमधल्या सरे परगण्यातला केन टिरेल हा मूळचा लाकडाचा व्यापारी. त्याच्या संघाचा डिझायनर डेरेक गार्डनर. हा माणूस आधी फर्ग्युसन कंपनीत चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणांवर काम करायचा, त्यामुळे चाक आणि रस्ता यांच्या नात्याचा विचार त्याच्या अंगातच मुरलेला होता. १९७५ साली त्याच्यापुढे अडचण होती ती अशी. बहुतेक सगळ्या संघांकडे एकच इंजिन होतं, कॉसवर्थचं तीन लिटरचं व्ही-आठ. ताकद सगळ्यांची सारखी. मग पुढे जायचं कसं?

गार्डनरने गाडीच्या नाकाकडे पाहिलं. नियमाप्रमाणे नाकाची रुंदी जास्तीत जास्त दीड मीटर. पुढची चाकं १३ इंची रिमची, त्यावर जाड टायर, म्हणजे ती नाकाच्या वर आणि बाहेर डोकावणार. फिरतं उघडं चाक समोरच्या हवेला मोठा अडथळा करतं, वर गाडीचं नाक उचलूही पाहतं. चाकं इतकी लहान केली की ती नाकाच्या आडोशाला लपतील, तर? त्याने १० इंची चाकं धरली. पण लहान चाकाचा रस्त्याला लागणारा रबराचा तुकडाही लहान. एका बाजूला एक चाक पुरत नाही, तर दोन लावा. सहा चाकं इथून आली. बघा, ‘सहा चाकांची गाडी बनवू या’ असं कुणी ठरवलंच नव्हतं. चाक लहान करायचं ठरलं आणि सहाचा आकडा मागोमाग आला.

बोनस म्हणून आणखी दोन गोष्टी मिळाल्या. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो, आणि पुढे आता चार टायर, चार डिस्क. वळणात शिरतानाही पुढची पकड वाढलेली. पुढची चारही चाकं वळायची. स्टिअरिंगची दांडी पहिल्या जोडीला, आणि तिथून जोडकाम करून दुसरी जोडी तिच्याबरोबर वळवलेली. चालकाला कॉकपिटमधून ही बारकी चाकं दिसत नसत, म्हणून बाजूला छोट्या पारदर्शक खिडक्या ठेवल्या. इंजिनिअरने चालकाची एवढी काळजी घेतलेली पाहिली की मला फार बरं वाटतं.

सप्टेंबर १९७५ मध्ये हीथ्रो विमानतळाजवळच्या हॉटेलात पत्रकारांना बोलावलं. गाडीवर कापड टाकलेलं होतं आणि पुढच्या चाकांच्या जागी कापडाखाली कड्या अशा बसवल्या होत्या की बाहेरून नेहमीच्या मोठ्या चाकांचा आकार दिसावा. कापड ओढलं आणि खोलीभर शांतता पसरली. गाडीचं नाव पी-३४. पी म्हणजे प्रोजेक्ट, बस्स.

मे १९७६ मध्ये स्पेनला ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली, चालक पॅट्रिक देपाये. आणि दीड महिन्यात अँडरस्टॉर्प. तिथली वळणं लांब, एकसारख्या गोलाईची आणि आतल्या बाजूला किंचित उतार दिलेली. अशा वळणांवर गाड्यांचं नाक बाहेर घसरत जातं, पुढची पकड अपुरी पडते. टिरेलकडे पुढे चार टायर होते! संघाचा दुसरा चालक जोडी शेक्टर याने शर्यतीआधीच्या फेऱ्यांत सर्वांत वेगवान ठरून पहिल्या जागेवरून सुरुवात केली. मारिओ आंद्रेत्तीची लोटस आघाडीवर गेली खरी, पण सुटताना घाई केल्याबद्दल तिला दंड झाला, आणि नंतर तिचं इंजिनच गेलं. शेक्टर पहिला, देपाये दुसरा. दोन सहाचाकी गाड्या पहिल्या दोन जागांवर. त्या वर्षअखेर टिरेल संघ ७१ गुणांवर तिसरा आला, मॅक्लारेनपेक्षा तीनच गुण मागे. ज्या गाडीला पुष्कळांनी जाहिरातीचा खेळ म्हटलं, तिचा हा हिशेब आहे.

मग बिनसलं कुठे? टायरात. दहा इंची टायर गुडइयर बनवत होती, आणि तो वापरणारा संघ जगात एकच होता. मागची मोठी चाकं सगळ्यांची सारखीच, त्यामुळे त्या टायरांवर कंपनी सतत काम करायची. दर काही महिन्यांनी मागचा टायर सुधारायचा, पुढचा होता तिथेच राहायचा. १९७७ उजाडेपर्यंत मागची पकड पुढच्या पकडीच्या पुष्कळ पुढे निघून गेली होती. त्यात लहान चाकाच्या पोटात ब्रेकही लहानच, ते तापायचे. पुढची पकड वाढवायला संघाने पुढच्या चाकांमधलं अंतर वाढवलं, आणि चाकं नाकाच्या आडोशातून बाहेर आली. हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. ज्या एका कारणासाठी चाकं लहान केली होती, तेच कारण त्यांनी स्वतःच्या हाताने सोडून दिलं. दुसरा इलाज उरला नव्हता. शेक्टर आधीच संघ सोडून गेला होता, त्याच्या जागी स्वीडनचा लाडका रॉनी पीटरसन आला, तोही काही करू शकला नाही. त्याच वर्षी गार्डनरनेही संघ सोडला. १९७८ ची टिरेल चार चाकांची होती.

याला एक पुढचा भाग आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पुष्कळ वर्षांनी जुन्या गाड्यांच्या शर्यतींसाठी एव्हन कंपनीने नव्याने दहा इंची टायर बनवून दिले. नवं रबर, बाकी गाडी तीच. ती पुन्हा जिंकायला लागली.

सहा चाकांचा विचार तिथे मेला नाही. विल्यम्स संघाने उलटी मांडणी केली, पुढे दोन आणि मागे लहान आकाराची चार, चारही चाकांना ताकद. हवेला अडथळा करणारे मागचेच टायर मोठे असतात, तेव्हा लहान करायचे तर तेच करा, हा त्यामागचा विचार, आणि खरं तर तो गार्डनरच्या विचारापेक्षा जास्त पक्का होता. शिवाय सहाही चाकांना पुढचाच टायर चालायचा, म्हणजे टायर कंपनीची विनवणी करायला नको. चाचण्या झाल्या. आणि १९८३ पासून नियम आला, चाकं चारच असतील. ती गाडी एकाही शर्यतीत उतरली नाही.

आता पंख्याकडे वळू. पण त्यासाठी आधी अमेरिकेत टेक्सासला जायला हवं, मिडलंड गावी, तेलविहिरींच्या मुलखात. जिम हॉल हा तिथला इंजिनिअर आणि चालक. त्याच्या गाड्यांचं नाव शॅपरल. तिथल्या वाळवंटात धावणाऱ्या एका पक्ष्याचं नाव त्याने गाड्यांना दिलं. १९६६ मध्ये त्याने शॅपरल २ई काढली. तिच्या पाठीवर दोन उंच खांबांवर एक आडवी विंग होती. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, हा उलटा बसवलेला, खाली दाबणारा. खांब गाडीच्या अंगावर टेकवलेले नव्हते, थेट मागच्या चाकांच्या आधारांवर होते, म्हणजे दाब स्प्रिंगांवर न पडता सरळ टायरवर पडायचा. खोडरबरावर अंगठा! गाडीला गिअर बदलण्याचा क्लच नव्हता, त्यामुळे चालकाचा डावा पाय मोकळा. त्या पायाखाली एक पेडल. सरळ रस्त्यावर पेडल दाबलं की विंग आडवी होऊन हवेला वाट करून द्यायची, पाय काढला की पुन्हा तिरकी होऊन दाबायची. आजच्या फॉर्म्युला वनमध्ये सरळ रस्त्यावर विंग उघडते ना, तिचं मूळ या पेडलात आहे.

विंगेची एक मर्यादा आहे. दाब हवेच्या वेगावर अवलंबून असतो. हळू वळणावर, जिथे पकडीची गरज असते, तिथे विंग निकामी. हॉलने विचार केला, हवा वेगाने यायची वाट कशाला बघायची? गाडीखालची हवाच उपसून टाकू.

इथे पुन्हा थोडा हिशेब करू. आपल्या डोक्यावरच्या हवेचा भार प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन आहे. तो जाणवत नाही कारण सगळीकडून सारखा आहे. गाडीच्या खाली तो शंभरात पाचने जरी कमी केला, तरी प्रत्येक चौरस मीटरमागे वरून सुमारे पाचशे किलोंचा दाब पडतो. वजन शून्य! ओल्या ओट्यावर पालथा घातलेला स्टीलचा पेला कधी कधी उचलता उचलत नाही, तीच ही गंमत.

१९७० ची शॅपरल २जे पाठीमागून पाहिली तर कूलरच्या खोक्यासारखी दिसते. शेपटीत दोन पंखे. ते फिरवायला वेगळं छोटं टू-स्ट्रोक इंजिन, बर्फावर चालणाऱ्या स्लेजगाडीचं. गाडीच्या कडेने खाली पारदर्शक कडक प्लास्टिकची झालर, सस्पेन्शनला तारांनी अशी जोडलेली की गाडी वर-खाली झाली तरी झालर जमिनीपासून ठरावीक अंतरावर राहावी. पंखे गाडीच्या वेगाशी बांधलेले नव्हते. गाडी उभी असतानाही ती जमिनीला ओढून धरायची. अमेरिकेतल्याच वॉटकिन्स ग्लेनच्या ट्रॅकवर जॅकी स्टुअर्टने ती पहिल्यांदा चालवली आणि शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी नोंदवली. मग व्हिक एलफर्डने रोड अटलांटा, लगुना सेका आणि रिव्हरसाइड या तिन्ही ट्रॅकवर सुटण्याची पहिली जागा मिळवली. रिव्हरसाइडला तर दुसऱ्यापेक्षा दोन सेकंदांहून जास्त फरकाने. या खेळात दोन सेकंद म्हणजे दुसऱ्या इयत्तेतल्या पोराने दहावीचा पेपर सोडवावा तसं.

जिंकली मात्र एकही नाही. कधी ब्रेक, कधी मुख्य इंजिन, आणि रिव्हरसाइडच्या उन्हात बर्फावरचं ते छोटं इंजिन. सीझन संपला, विरोधकांनी तक्रार केली, आणि पंखा म्हणजे ‘हलणारं हवेचं साधन’ असं ठरवून तिच्यावर बंदी आली.

‘हलणारं हवेचं साधन’ हे शब्द लक्षात ठेवा. आठ वर्षांनी ते पुन्हा येणार आहेत.

आता पुन्हा फॉर्म्युला वन. १९७८ मध्ये कॉलिन चॅपमनच्या लोटस संघाच्या ‘लोटस ७९’ या गाडीने सगळ्यांची झोप उडवली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खोक्यांचा तळ उलट्या विंगेच्या आकाराचा, कडेला जमिनीला घासणाऱ्या झालरी. गाडीखालून हवा अरुंद बोळातून पळायची, वेग वाढला की तिचा दाब उतरायचा आणि गाडी खाली खेचली जायची. मे महिन्यात बेल्जियममध्ये आंद्रेत्ती तीत बसून जिंकला, पुढच्या शर्यतीत स्पेनला लोटस पहिली-दुसरी. सगळ्यांना कळलं, आता हेच करावं लागणार.

ब्रॅबम संघाला ते करता येत नव्हतं. त्यांचं अल्फा रोमिओ इंजिन बारा सिलिंडरचं, आडवं पसरलेलं. सिलिंडर दोन्ही बाजूंना अशा जागी बाहेर यायचे जिथे तो हवेचा बोळ हवा होता. डिझायनर होता गॉर्डन मरी, दक्षिण आफ्रिकेत डर्बनला जन्मलेला, तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेला. इंजिन बदलणं त्याच्या हातात नव्हतं. त्याने नियम वाचायला घेतला. नियमाचा अर्थ असा होता, की ज्या हलणाऱ्या भागाचं मुख्य काम हवेचा दाब बदलणं हे आहे, तो चालणार नाही. मरीचं बोट ‘मुख्य’ या शब्दावर थांबलं. मुख्य काम दुसरं असेल तर?

मग त्याने इंजिनाच्या डोक्यावर एक मोठा रेडिएटर आडवा झोपवला, इंजिनाचा कप्पा झालरींनी बंद केला आणि मागे पंखा लावला. पंखा रेडिएटरमधून हवा ओढतो, म्हणजे इंजिन थंड करतो, हे त्याचं मुख्य काम. ओढताना गाडीखालचीही हवा उपसली जाते, तो जोडधंदा. यात एक गोष्ट त्याच्या बाजूची होती. याच गाडीच्या पहिल्या रूपात नेहमीचे रेडिएटर काढून अंगावर सपाट थंडावक पट्ट्या बसवल्या होत्या आणि त्या इंजिन थंड करू शकल्या नव्हत्या. त्यामुळे ‘आम्हाला थंडाव्याची अडचण आहे’ हे म्हणणं धडधडीत खरं होतं. पंख्यातून जाणारी निम्म्याहून जास्त हवा थंड करण्याच्या कामाची आहे, हे त्याने मोजमापाने मांडलं. तपासणाऱ्यांना मान्य करावं लागलं.

अँडरस्टॉर्पला दोन गाड्या आल्या, निकी लाउडा आणि जॉन वॉटसनसाठी. पिटमध्ये उभ्या असताना पंख्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावलेलं असायचं. सगळे माना वळवून बघत होते. पंखा गिअरबॉक्सला जोडलेला, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणारा. उभ्या गाडीत लाउडाने नुसतं ॲक्सिलरेटर दाबलं की गाडी सगळ्यांसमोर खाली बसायची. ते पाहून बाकी संघांच्या पोटात गोळा आला. खरी चपळाई कुणाला कळू नये म्हणून सुटण्याची जागा ठरवणाऱ्या फेऱ्यांत दोन्ही गाड्या पेट्रोलच्या टाक्या भरून चालवल्या. तरीही दोघे आंद्रेत्तीच्या मागोमाग उभे राहिले.

चालकाला मात्र यात सगळं उलटं शिकावं लागलं. वळणावर गाडी सुटतेय असं वाटलं की माणसाचा पाय आपोआप वर येतो. इथे पाय वर आला की इंजिन मंदावणार, पंखा मंदावणार, पकड जाणार. वाचायचं असेल तर पाय आणखी दाबायचा! शर्यतीत एका गाडीचं तेल रस्त्यावर सांडलं. बाकीचे सांभाळून जाऊ लागले. लाउडाने तिथून जाताना आंद्रेत्तीला गाठलं आणि मागे टाकलं. पुढे आंद्रेत्तीचं इंजिन गेलं. वॉटसनही बाहेर पडला होता. लाउडा ३४ सेकंदांनी जिंकला. दुसरा रिकार्डो पात्रेसे, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून तिसरा रॉनी पीटरसन, आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर.

नंतर बोलाचाली सुरू झाली. आंद्रेत्तीची तक्रार होती की पंखा मागच्या गाडीवर खडे आणि धूळ फेकतो. खरी भीती वेगळी होती: पुढच्या वर्षी सगळ्यांना पंखे बनवावे लागतील, आणि हातातल्या गाड्या भंगारात जातील. ब्रॅबमचा मालक बर्नी एकलस्टन हाच संघमालकांच्या संघटनेचाही म्होरक्या होता. संघटना फुटली असती तर त्याचं जास्त नुकसान होतं, म्हणून त्याने गाडी स्वतःहून मागे घेतली. निकाल कायम राहिला, नियमातली फट बुजवली गेली आणि जुलैच्या फ्रेंच ग्रांप्रीला ब्रॅबम पंख्याविना आली. आयुष्यात एक शर्यत, एक विजय.

मला मरीचं वाईट वाटायचं. मग ऑगस्ट २०२० मध्ये त्याने स्वतःच्या कंपनीची टी.५० ही रस्त्यावरची गाडी दाखवली आणि तिच्या शेपटीत ४०० मिलिमीटरचा पंखा होता. बेचाळीस वर्षं हा माणूस तो विचार जपून बसला होता! आणि २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या गुडवुडच्या टेकडीवरच्या शर्यतीत मॅकमर्ट्रीच्या विजेवर चालणाऱ्या, पंख्याने जमिनीला चिकटणाऱ्या चिमुकल्या गाडीने ३९.०८ सेकंदांचा नवा विक्रम केला. तिथे विजेची मोटर पंखा फिरवते, त्यामुळे चालकाच्या पायाचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे हॉलचा मार्ग बरोबर होता, त्याला फक्त भरवशाचं छोटं इंजिन मिळालं नाही.

१९७८ ची ती स्वीडिश ग्रांप्री शेवटची ठरली. सप्टेंबरमध्ये मॉन्झाच्या अपघातानंतर पीटरसन गेला, ऑक्टोबरमध्ये दुसरा स्वीडिश चालक गुन्नार नील्सन कर्करोगाने गेला. त्या देशात मग कुणासाठी शर्यत भरवायची?

अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीचं मी थोडक्यात सांगतो, कारण वेळ होत आलाय. १९६७ मध्ये अँडी ग्रॅनटेलीने गाडीत हेलिकॉप्टर-विमानांचं टर्बाइन इंजिन बसवलं. इंजिन चालकाच्या डावीकडे, चालक उजवीकडे, आणि ताकद चारही चाकांना. बाकीच्या गाड्या गर्जत होत्या, ही नुसती सू सू करत जायची. पारनेली जोन्स २०० पैकी १७१ फेऱ्या आघाडीवर होता. शेवटच्या तीन-चार फेऱ्या राहिल्या आणि गिअरबॉक्समधलं एक बेअरिंग तुटलं. त्याची किंमत सहा डॉलर होती असं आजही सांगतात. पुढच्या वर्षासाठी नियमवाल्यांनी टर्बाइनचं हवा घेण्याचं तोंड सुमारे २४ चौरस इंचांवरून १६ वर आणलं. तरी १९६८ मध्ये चॅपमनने पाचरीच्या आकाराची लोटस ५६ बनवली, जो लेनर्डने सुटण्याची पहिली जागा मिळवली, आणि नऊ फेऱ्या राहिल्या असताना आघाडीवर असलेली ती गाडी इंधनपंपाच्या दांडीपायी थांबली. त्याआधी सरावात माईक स्पेन्सचा जीव गेला होता. हाच स्पेन्स आदल्या वर्षी फिल हिलबरोबर विंगवाली शॅपरल चालवून ब्रिटनमधल्या ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर जिंकला होता. हे हिशेब कागदावर मांडणारा एक असतो, आणि त्यात बसणारा दुसरा. फळ्यासमोर उभा असताना मी हे विसरू नये म्हणून मुद्दाम सांगतो.

नार्दी बिसिलुरोचा फोटोही दाखवतो. दोन टॉर्पेडो शेजारी ठेवून मधे पट्टी जोडावी तशी गाडी: एकात इंजिन, दुसऱ्यात चालक. १९५५ चं ले मान्स, म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत. वास्तुरचनाकार कार्लो मोलिनोने हिच्या आकारावर काम केलं होतं. इतकी हलकी, की शेजारून गेलेल्या मोठ्या गाडीच्या वाऱ्यानेच रस्त्याबाहेर फेकली गेली. आज ती मिलानच्या विज्ञान संग्रहालयात आहे. माझ्या मते आज दाखवलेल्यांत दिसायला सर्वांत सुंदर हीच, आणि हिशेब सर्वांत कच्चाही हिचाच. शेजारून दुसरी गाडी जाईल हे गृहीतच धरलं नव्हतं.

आता शेवटची गाडी. तुमच्यातले जे बाहा किंवा फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी गाड्या बनवतात, रात्र-रात्र वर्कशॉपमध्ये बसतात, त्यांच्यासाठी ही राखून ठेवली.

बेन बोल्बीची डेल्टाविंग. वरून पाहिली तर बाणाचं टोक. पुढची दोन चाकं जवळजवळ चिकटलेली, टायर चार इंच रुंद. जवळजवळ तीन चतुर्थांश वजन मागे. ही पहिल्याच वळणावर उलटी होईल असं कुणालाही वाटेल. बोल्बीचा हिशेब असा, की पुढे वजनच नसेल तर पुढच्या टायरांना काम किती? हवेला अडथळा निम्मा, वजन निम्मं, तर निम्म्या ताकदीत तोच वेग मिळायला हवा. इंजिन १.६ लिटरचं, सुमारे ३०० अश्वशक्तीचं. मुळात ही गाडी अमेरिकेतल्या इंडीकारसाठी सुचवली होती, तिथे ती नाकारली गेली. ले मान्सच्या आयोजकांकडे ‘गॅरेज ५६’ म्हणून एक जादा जागा असते, प्रयोग करणाऱ्यांसाठी. निकालात धरत नाहीत, पण धावू देतात. २०१२ मध्ये ती डेल्टाविंगला मिळाली. अंगावर क्रमांक शून्य. आणि गाडी वळली! अगदी व्यवस्थित वळली, वेगानेही गेली.

सहाएक तासांनी काझुकी नाकाजिमाच्या टोयोटाचा तिला धक्का लागला आणि ती भिंतीवर आदळली. आत सातोशी मोटोयामा होता. ले मान्सचा नियम असा, की ट्रॅकवर बंद पडलेल्या गाडीला फक्त चालकानेच हात लावायचा, गाडीत असलेली हत्यारं वापरून. मेकॅनिक धावत आले, पण कुंपणापलीकडे उभे राहिले. तिथून ते ओरडून सांगत होते आणि मोटोयामा, हेल्मेट घातलेला, गवतात गुडघे टेकून नट खोलत होता. अंगावरचे तुटलेले पत्रे काढले, स्टिअरिंग जुळवायचा प्रयत्न केला. बसून पाहायचा, गाडी हलायची नाही, पुन्हा उतरायचा. दीड तास. जी गाडी पहिली आली असती तरी निकालात धरली नसती, तिच्यासाठी दीड तास! शेवटी त्याला ती सोडून यावं लागलं.

गाडी दुरुस्त करून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत पेटिट ले मान्स या शर्यतीला नेली. ट्रॅक रोड अटलांटा, तोच, जिथे १९७० मध्ये एलफर्डने पंख्याच्या शॅपरलला पहिल्या जागेवर उभं केलं होतं. सरावात दुसऱ्या एका गाडीने तिला ठोकलं आणि ती उलटी झाली. पुन्हा बांधली. सगळ्यांच्या मागून सुटली, आणि पाचवी आली.